युक-लानचं नाव

"लग्नावाचून मेलेल्या लेकीच्या नावाची पाटी आपल्या देव्हाऱ्यात पूर्वजांच्या पाट्यांबरोबर बसत नाही." फूंग-यीनं जन्मभर अविवाहित राहण्याची शपथ घेऊन केस वर बांधले, त्या दिवशीचा वडिलांचा हा आवाज साठ वर्षं तिच्या कानात घर करून होता.

आज भाचा भाजलेलं बदक घेऊन पिनांगच्या तिच्या खोलीवर आला होता, नेमका वकील बसलेले असताना.

"आत्या, तुमची पाटी पूर्वजांच्या शेजारी बसवतो, रोज उदबत्ती लावतो. तेवढं मृत्युपत्र माझ्या नावानं करा. तुम्हाला दुसरं आहे कोण?"

"देव्हारा मोठा केलास वाटतं?" आत्या हसली. "पाटीसाठी मी आमच्यासारख्या बिनलग्नाच्या बायकांच्या आश्रमात जागा घेतलीय. बदक मात्र ठेवून जा." मग ती वकिलांकडे वळली. "लोकांच्या चुलीपुढे उभं राहून मिळवलंय मी हे. सगळं युक-लानला."

गावाहून तिच्याबरोबर आलेली, साठ वर्षं त्याच खोलीत राहणारी युक-लान भाजी निवडता निवडता थांबली.

"नातं काय लिहू? मानलेली बहीण?" वकिलांनी विचारलं.

"बहीण नको. आज हिलाही कळू दे," फूंग-यी म्हणाली. "मी लग्न केलं नाही, ते हिला सोडून जायचं नव्हतं म्हणून."