पाहुण्यांची खोली

सिताराने गादीची वळकटी गुडघ्याखाली दाबली आणि सुतळीला दातांनी ओढून गाठ मारली. गाठ सुटली. तिने पुन्हा मारली.

भिगवणला थंडी पडली की उजनीच्या पाण्यावर लांबलांबचे पक्षी उतरतात, आणि पक्ष्यांमागोमाग पुण्याकडचे पाहुणे. गळ्यात कॅमेरे, डोक्याला कानटोप्या. त्यांना पाण्याकाठी राहायचं असतं, म्हणून पाण्याकाठचे भाडेकरू दिवाळीनंतर उठतात. उन्हाळा आला की त्याच खोल्या पुन्हा त्यांनाच मिळतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

सिताराचा नवरा सरदार याच दिवसांत उसाच्या ट्रॅक्टरवर माळेगावला असायचा. त्यामुळे बिऱ्हाड दरसाल तिनेच हलवायचं. दिवसभर मासळी बाजारात मासे साफ करायचे आणि आल्यावर भांडी पोत्यात भरायची. आता तर तिला भांड्यांचा आवाजही नकोसा झाला होता.

"अम्मी, पक्षी आलेच न्हाईत तर?" अफशीनने पुस्तकं पिशवीत कोंबत विचारलं.

"असं बोलू न्हये. थंडीला भिऊन येत्यात बिचारे."

"मग त्यांना कुणी उठवत न्हाय?"

सिताराला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही.

तेवढ्यात दारात घरमालकीण उभी राहिली. रंगूबाई. खोली सोडायचा निरोप दर थंडीला तीच आणायची. "पोरी, पाव्हणं यायचंत," एवढंच म्हणायची आणि भिंतींकडे बघत राहायची. खिळे किती ठोकले ते बघत असेल, असं सिताराला वाटायचं. आजही म्हातारी तशीच भिंतीकडे बघत होती.

"बांधलं का समदं?"

"व्हय मावशी. ही घ्या किल्ली." सिताराने किल्ली पुढे केली. कधीपासून जुळवलेलं वाक्य तिने एकदाचं बोलून टाकलं. "आन् उन्हाळ्यात आमची वाट बघू नका. बाजारामागं बारमाही खोली धरली हाय. आता न्हाय होत ही उचलठेव."

म्हातारी चिडेल, निदान दोन शब्द सुनावेल, अशी सिताराची तयारी होती. रंगूबाईने किल्ली घेतली आणि ती उंबऱ्यावरच बसली.

"बारमाही? कुणी उठवायचं न्हाय?"

"न्हाय. पत्र्याची हाय, पर बारमाही हाय."

"मोठी हाय का?"

जाता जाताही चौकशा! सिताराच्या कपाळाला आठी पडली. "आमच्यापुरती हाय."

"न्हाय, म्हंजी... तुजा नवरा तर आता पाडव्यापतुर न्हाय ना हितं?"

"तुमाला काय करायचंय मावशी?" सिताराचा आवाज चढला. "खोली रिकामी करून दिली. झालं न्हवं?"

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. पाठोपाठ तिच्या मुलाचा, अविराजचा, खणखणीत आवाज.

"या साहेब, या! यंदा दोन खोल्या हायत. मागची आता रिकामी व्हतीय. आन् पुढची आईची व्हती, तीबी पाव्हण्यांनाच ठिवलीय. खिडकीतनं थेट पाणी दिसतं!"

सिताराने म्हातारीकडे पाहिलं. म्हातारी आता भिंतीकडे बघत नव्हती. खाली मान घालून ती लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत होती.

"गोठ्यात बाज टाकलीय त्यानं," ती हळू आवाजात म्हणाली. "पर वारं लई लागतं गं. थंडीपुरता एक कोपरा मला भाड्यानं देशील का?"