डावा गाल

गळ्याभोवती पांढरं कापड बांधून थोरला खुर्चीत बसला. अपघातानंतर धाकट्याच्या हातात वस्तरा आज पहिल्यांदाच येणार होता. ही दाढी नीट जमली, तर उद्यापासून दुकान गिऱ्हाइकांना उघडायचं, असं ठरलं होतं.

धाकट्याला पुन्हा कामाला लावण्यासाठी झटणाऱ्या इस्पितळातल्या बाईंनी थोरल्याला बजावलं होतं, "डोक्याच्या मारामुळे डावीकडचं त्याच्या ध्यानातच येत नाही. राहिलं, की तोंडाने सांगायचं. भीड धरलीत, तर तो शिकणार नाही."

धाकट्याने फेस केला, पट्ट्यावर वस्तरा परजला. हात जुनाच होता, हलका. उजवा गाल बघता बघता गुळगुळीत झाला. हनुवटी अर्धी झाली. मग त्याने वस्तरा पुसून ठेवला आणि आरशात बघून विचारलं, "कसं काय, दादा?"

थोरल्याच्या डाव्या गालावर फेस तसाच्या तसा होता.

त्याने सांगायला तोंड उघडलं, आणि आरशात त्याला धाकट्याच्या कानशिलावरचा व्रण दिसला. त्या दिवशी मोटारसायकल थोरला चालवत होता. हेल्मेट एकच होतं. ते त्याने घातलं होतं.

"झकास," तो म्हणाला.

बाकावर दुकानाचं जुनं गिऱ्हाईक असलेले मास्तर बसले होते. दुसऱ्या कुणाचा वस्तरा लावून घ्यायचा नाही म्हणून त्यांनी छातीपर्यंत दाढी वाढू दिली होती. ते पुटपुटले, "झकास कसलं? असा घरी गेलास तर बायको दारातूनच हाकलेल."

धाकट्याने हळूच हात पुढे केला. बोटांना फेस लागला. बोटांकडे तो बघत राहिला.

"घरात सगळे मला झकासच म्हणतात," तो म्हणाला. "म्हटलं, दादा तरी सांगेल."



धाकट्याने खुर्चीच्या पाठीला धरून ती गर्रकन उलटी फिरवली. आता तो थोरल्यासमोर उभा होता, आणि राहिलेला गाल त्याच्या उजव्या हाताला आला होता.

"हा बघा, सापडला," तो मास्तरांना म्हणाला आणि वस्तरा उचलून खाली वाकला.

थोरल्यापुढे आता आरसा नव्हता. वीतभर अंतरावर तो व्रण होता. त्याने मान वळवली, तशी धाकट्याने त्याची हनुवटी दोन बोटांत धरली.

"हलू नकोस, दादा. इकडे बघ."