निळं दूध

काटेवाडीच्या डेअरीत जन्मभर दूध तपासलेल्या तात्यांना भेसळवाला चालीवरून कळायचा. म्हणून सून अश्लेषा बाळाच्या बाटलीत चोरून पांढरी पावडर घालताना दिसली, तशी त्यांच्या मनात पाल चुकचुकली. ती झोळीतल्या बाळाला उचलायला वळताच त्यांनी बाटलीतलं चमचाभर दूध वाटीत घेऊन डेअरीतून घरी आणून ठेवलेल्या आयोडीनचा थेंब सोडला. दूध निळं झालं. “पिठाची भेसळ! पोटच्या पोराला हे पाजतीस व्हय गं?” तात्या कडाडले. “तात्या, पातळ दूध त्याच्या श्वासनळीत जाऊन रोज ठसका लागतोय. दूध घट्ट करायची पावडर डॉक्टरांनीच आज दिलीय,” अश्लेषा रडवेली झाली. “तुमी ओतून द्याल म्हणून बोलले न्हाय.” तात्यांचा विश्वास बसेना. बाळाला मांडीवर घेऊन, बाटली तोंडाला लावून ते रोजच्या ठसक्याची वाट बघत राहिले. बाटली संपली, तरी ठसका आलाच नाही. तात्यांनी निळ्या दुधाची वाटी मोरीत ओतली.