चौदावी ओळ

धाकट्या भावाला भोसकणारा माणूस तुरुंगात होता, म्हणून दादाने मुद्दाम भररस्त्यात एकाचं डोकं फोडलं आणि स्वतःही आत गेला. तो वैरी तिथल्या वर्गात सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता, लिहायला शिकतोय, हे कळताच घासून धार लावलेला चमचा बाहीत लपवून दादा वर्गात त्याच्या मागेच जाऊन बसला.

मास्तरांनी नेमकं त्या वैऱ्यालाच त्याचं सुनीत वाचायला उभं केलं. तेरा ओळींत त्याने भोसकलेला पोरगा गटारापाशी तडफडत होता. चौदावी ओळ न वाचताच त्याने कागद दुमडला.

दादाने उठून चमचा त्याच्या मानेवर दाबला. कातडी फाटून रक्त ओघळलं.

"वाच! मरताना काय म्हणाला तो?"

 

"'दादाला सांगू नका हो, तो डोक्यात राख घालून आयुष्याचं वाटोळं करून घेईल.'"