अर्धं आख्यान

"बुवा, पाच मिनिटं बोला. समोरचे तिघे परीक्षक हसणार नाहीत, मानही हलवणार नाहीत. घंटा झाली की मात्र एक शब्द नाही." डॉ. शरयूने कीर्तनकार नरहरबुवांच्या डोक्यावर तारांची टोपी बसवली. माणसाला थोडा ताण द्यायचा आणि तो सोसायला मेंदू कसा शिकतो ते पाहायचं, म्हणजे पुढचं मनाचं आजारपण टळेल, असा तिचा प्रयोग. बुवा शेवटचे स्वयंसेवक. नियम मोडला तर वर्षाचं काम बाद.

"हसत नाहीत एवढंच ना? आमच्या गावचे श्रोते घोरतात!" म्हणत बुवांनी आख्यान लावलं. परीक्षक दगडासारखे बसले. पडद्यावरची ताणाची रेघ संथ. आख्यानातल्या भक्ताची लेक विहिरीच्या काठावरून घसरली, बुवांचा हात उंच गेला, आणि घंटा वाजली.

रेघ एकदम वर उसळली. "चढला ताण!" शरयू हरखली.

"चढेल नाहीतर काय! पोर हवेत आहे, बाई. देव अजून विहिरीपाशी पोचला नाही. असं अर्ध्यात सोडतात का कुणी कीर्तन?" बुवांचा हात अजून उंचच होता.

शरयूने परीक्षकांकडे पाहिलं. त्यांतले सगळ्यात कडक प्राध्यापक ओंजळ पसरून उभे होते. "मॅडम, आधी तिला झेलू द्या हो."

शरयूने घंटा पर्समध्ये टाकली. देव धावला, लेक वाचली, आरती झाली. बुवांची रेघ उतरली. प्राध्यापक डोळे पुसत खाली बसले.

अहवालात ‘नियमभंगाचे कारण’ असा रकाना होता. शरयूने लिहिलं, ‘लेक हवेत होती.’