बिनपाखरांचा कोपरा

पलटणीतून निवृत्त झालेले भैरूआप्पा नातीच्या मोबाइलवरचा लढाईचा खेळ बघत होते. झाडीत लपलेला शत्रू टप्प्यात आला, की आपोआप लाल दिसायचा.

"आमच्या वेळी कोण असं लाल व्हत नव्हतं गं," आप्पा हसले.

"मग दिसायचा कसा?" ऋतिकाने विचारलं.

"त्यो दिसतच न्हाय. पाखरं कुठं बसंनात ते बघायचं. तिथं त्यो असतोय."

संकेश्वरच्या बाजूला बिबट्या आल्याची बोलवा होती आणि ऋतिकाची शिकवणीची वाट उसातून होती. म्हणून आप्पांनी हा धडा तिच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना ती धापा टाकत, पण हसत अंगणात आली.

"आप्पा, ओळखलं मी! सगळ्या उसावर साळुंक्या उतरत होत्या. एका कोपऱ्यात एक बी बसंना. मी पळाले न्हाय. हळूच मागं फिरले आन् पाटाच्या कडेनं आले."

"शाब्बास गं वाघिणी! त्यानं बघितलं न्हाय न्हवं तुला?"

"छे! मला कसं बघंल?"

ती कुठून आली ते बघायला आप्पा कौतुकाने फाटकाशी गेले. पाट फुटून सगळा चिखल झाला होता. चिखलात ऋतिकाच्या चपलांचे ठसे होते, आणि त्या ठशांवर पंजे उमटले होते.

"आत जा, कडी लाव," आप्पा हळू आवाजात म्हणाले. "मी सांगीपतोर काढू नको."

"आन् तुम्ही?"

आप्पांची नजर ठशांमागून अंगणाकडे वळली. पंजे अंगणापर्यंत आले होते. परतीचा एकही नव्हता.