गवई, त्याची बायको आणि उमरग्याची गाडी

“असली अट घालणारा पाताळाचा राजा माणूस म्हणायचा का जनावर? मेलेली बायको परत देतो म्हणायचं, अन् वर येईस्तोवर मागं वळून बघायचं न्हाई म्हणायचं! हे देणं झालं व्हय?” बसवकल्याणच्या बसस्टँडवर राजूबाई चित्रावर बोट आपटत कडाडली. गाडीला बसवून द्यायला आलेली तिची मास्तरीण लेक रेणुका शाळेसाठी घेतलेलं जुनं इंग्रजी पुस्तक दाखवत होती. चित्रात ग्रीक लोकांच्या गोष्टीतला गवई वीणा वाजवत पुढं चाललेला, त्याच्या सुरावर पाताळाचं तीन तोंडांचं कुत्रंसुद्धा शेपूट हलवत नाचतंय, अन् मागून बायको.

“त्यानं शेवटी वळून बघितलंच, आई. बायको गेली परत खाली.”

राघोबानं मिशीवर हात फिरवला. “बावळट गवई! लग्न झाल्यापासून तुझी आई माझ्या मागून यायलीय. एकदा तरी वळून बघितलं का मी? म्हणून तर टिकलीय.”

तेवढ्यात उमरग्याची गाडी लागली. राघोबा ताडकन उठला अन् गर्दीत घुसून खिडकीची जागा धरून बसला. दोन्ही पिशव्या सावरत राजूबाई दारापाशी पोचेस्तोवर कंडक्टरनं शिट्टी मारली अन् गाडी सुटली.

बऱ्याच वेळानं रेणुकाच्या फोनवर राघोबा ओरडायला लागला, “तुझी आई कुठाय गं? दोघांचं तिकीट काढलंय मी!”

राजूबाईनं फोन हिसकावून घेतला.

“मी हितंच हाय. तुम्ही आधी सांगा, वळून बघितलं तवा कोणतं गाव आलं होतं?”